सत्तावीस गांवें आणि जोडकोष्टकांचें गणित

सन २००१ च्या जनगणनेंत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत सुमारें ११ लक्ष ९३ हजार माणसें मोजलीं गेलीं, आणि सन २०११ च्या जनगणनेंत सुमारें १२ लक्ष ४७ हजार. म्हणजे दहा वर्षांत अवघी ५४ हजारांची, शेंकडा साडेचार इतकीच, वाढ झाली. त्याच दहा वर्षांत शेजारच्या ठाणें शहराची वस्ती सुमारें १२ लक्ष ६३ हजारांवरून १८ लक्ष ४१ हजारांवर गेली. ही वाढ शेंकडा ४६ च्या घरांत येते. त्या वेळच्या संबंध ठाणें जिल्ह्याची वाढ शेंकडा ३६ होती. हे आंकडे एकापुढें एक मांडले असतां डोंबिवलीचा कोणीही रहिवासी बुचकळ्यांत पडेल. ज्या स्टेशनावर सकाळच्या गाडींत पाय टेकावयास जागा मिळण्याची मारामार, जेथें काल माळरान होतें तेथें आज इमारत उभी, त्या शहरांत दहा वर्षें माणसें जवळजवळ वाढलींच नाहींत असें म्हणावयाचें काय?

आंकडे खोटे नाहींत, आणि दारोदार हिंडून ज्या शिक्षकांनीं ही मोजणी केली त्यांनींही कामांत कुचराई केलेली नाहीं. खरी गोष्ट वेगळीच आहे. १९८३ च्या ऑक्टोबरांत ही महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां कल्याण व डोंबिवली ह्या शहरांबरोबर भोंवतालचीं पुष्कळ गांवें तींत घालण्यांत आलीं. अंबरनाथही प्रथम तींतच होतें. तें १९९२ सालीं निराळें झालें. पुढें २००२ सालीं भोपर, काटई, निळजे, दावडी, पिसवली, सोनारपाडा, संदप इत्यादि सत्तावीस गांवें महानगरपालिकेंतून वगळण्यांत आलीं. २०१५ च्या जूनमध्यें तीं पुन्हां आंत घेण्यांत आलीं. २०२० सालीं त्यांपैकीं अठरा गांवें पुनश्च बाहेर काढण्याचें शासनानें ठरविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. इतकी ये-जा एखाद्या पाहुण्यानेंही केली नसती! आतां २००१ ची मोजणी व २०११ ची मोजणी ह्यांच्यामध्यें २००२ सालचा हा फेरफार येतो, हें ध्यानांत घ्यावें. पहिल्या बेरजेंत सत्तावीस गांवें आहेत, दुसरींत तीं नाहींत. दोन्ही बेरजांस नांव मात्र एकच आहे, आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे.

पाण्याची नळयोजना आंखणारा अधिकारी, नवीन शाळा कोठें काढावी ह्याचा विचार करणारी संस्था, दवाखान्यांत खाटा किती ठेवाव्या हें ठरविणारा डॉक्टर, ह्या सर्वांस असे आंकडे लागतात. शेंकडा साडेचारवर विश्वासून जो योजना आंखील त्याचें पाणी उन्हाळ्यांत कोणाच्या घरीं पोंचणार नाहीं, हें सांगावयास नको. म्हणून असले आंकडे आजकाल ज्या संगणकीय साधनांत मांडतात त्यांत हें गणित कसें करावयाचें, तें येथें सोप्या रीतीनें सांगण्याचा विचार आहे. वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांस पुढें ह्या व्यवसायांत शिरावयाचें आहे त्यांस तें उपयोगी पडेलच. पण ज्या पालकांस संगणकाचा गंध नाहीं त्यांसही हें समजण्यास अडचण पडूं नये, कारण त्याचें मूळ तत्त्व आपल्या शाळेच्या कचेरींतच पाहावयास मिळतें.

शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाडजूड पुस्तक असतें. मुलाचें नांव, जन्मतारीख, राहण्याचें गांव वगैरे माहिती त्यांत एकदांच लिहितात आणि प्रत्येक मुलास एक क्रमांक देतात. परीक्षेच्या गुणपत्रकांत, फीच्या वहींत, ग्रंथालयाच्या नोंदींत ही सर्व माहिती पुनःपुन्हां लिहीत बसण्याचें कारण नसतें. रजिस्टरचा क्रमांक तेवढा टिपला कीं पुरे. मुलाचें बिऱ्हाड ठाण्याहून कल्याणास गेलें तर रजिस्टरांतील एकच ओळ बदलावी लागते, बाकीच्या वह्या आपोआप दुरुस्त झाल्यासारख्याच असतात. माहितीचीं निरनिराळीं कोष्टकें निरनिराळीं ठेवावीं आणि सामाईक क्रमांकाच्या दुव्यानें तीं एकमेकांस जोडावीं, ह्या पद्धतीस शास्त्रशुद्ध रूप एडगर कॉड नांवाच्या गणितज्ञानें दिलें. त्याचा निबंध १९७० सालीं प्रसिद्ध झाला, आणि आज बँकेच्या खात्यांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत बहुतेक सारा व्यवहार त्याच पायावर उभा आहे.

दुव्यासाठीं नांव कां वापरूं नये, असा प्रश्न कोणी विचारील. एका वर्गांत एकाच नांवाचे दोन मुलगे असले म्हणजे काय गंमत होते हें हजेरी घेणाऱ्या मास्तरांस ठाऊक असतेंच. आपल्या सत्तावीस गांवांतही असें एक जोडपें आहे: नांदिवली तर्फे पंचानंद आणि नांदिवली तर्फे अंबरनाथ. नुसतें ‘नांदिवली’ लिहिणाऱ्या कारकुनाच्या कोष्टकांत एका गांवाचीं माणसें दुसऱ्या गांवांत जाऊन बसतील, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीं. ह्याच कारणास्तव २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास सहा आंकड्यांचा एक स्वतंत्र संकेतक्रमांक देण्यांत आलेला आहे. नांव वाचण्यासाठीं असावें, जोडण्यासाठीं क्रमांक असावा.

आतां सशर्त गणिताकडे वळूं. समजा, मुख्याध्यापकांनीं विचारलें, “कल्याणहून येणाऱ्या मुलांच्या गणिताच्या गुणांची सरासरी किती?” येथें अट एका कोष्टकांत आहे व आंकडे दुसऱ्या कोष्टकांत आहेत. राहण्याचें गांव रजिस्टरांत लिहिलेलें, गुण गुणपत्रकांत. कारकून काय करील? रजिस्टरांतून कल्याणच्या मुलांचे क्रमांक काढील आणि गुणपत्रकांत केवळ त्या क्रमांकांच्या ओळी घेऊन सरासरी काढील. संगणकही नेमकें हेंच करतो. ‘पॉवर बीआय’ नांवाचें जें साधन २०१५ पासून प्रचारांत आहे त्यांत असलीं गणितें लिहिण्याची एक सूत्रभाषा आहे. तिला ‘डॅक्स’ म्हणतात. ती २०१० सालीं ‘एक्सेल’च्या एका जोडसाधनांतून प्रथम पुढें आली. ह्या भाषेंतील सर्वांत कामाचा शब्द ‘कॅल्क्युलेट’ हा होय. त्याच्या कंसांत प्रथम काय मोजावयाचें तें लिहावें, आणि मग स्वल्पविराम देऊन कोणत्या अटीनें मोजावयाचें तें लिहावें. ‘गुणांची सरासरी, गांव बरोबर कल्याण’ एवढेंच त्याचें मराठी रूप झालें. अट म्हणजे एक चाळणी समजावी. रजिस्टरास ती लावली कीं दुव्यावाटे तिचा परिणाम गुणपत्रकापर्यंत पोंचतो.

पण हा परिणाम कोणत्या दिशेनें पोंचतो, हें जाणणें अवश्य आहे. रजिस्टरांत एका मुलाची ओळ एकच; गुणपत्रकांत त्याच मुलाच्या ओळी अनेक, कारण विषय अनेक व परीक्षाही अनेक. ह्या नात्यास ‘एकास अनेक’ असें म्हणतात. पाटाचें पाणी जसें वरच्या शेतांतून खालच्या वाफ्यांत आपोआप उतरतें, परंतु खालून वर चढत नाहीं, तशी चाळणी एकाच्या बाजूकडून अनेकांच्या बाजूकडे आपोआप उतरते, उलट चढत नाहीं. “गणितांत ३५ हून कमी गुण मिळालेलीं मुलें किती गांवांतून येतात?” असा उलटा प्रश्न विचारून नवशिका सरळ गांवें मोजूं लागला, तर त्याला शाळेंतील सर्वच गांवांची संख्या मिळेल. अट गुणपत्रकास लागली, रजिस्टरास तिचा पत्ताच नाहीं! अशा वेळीं चाळणी वर चढवावी असें सूत्रांत स्पष्ट लिहावें लागतें. दुवा कायमचा दुतर्फा करून ठेवण्याचीही सोय साधनांत आहे. परंतु माझ्या मतें ती होतां होईतों टाळावी. कोष्टकें पुष्कळ झालीं म्हणजे दुतर्फा दुव्यांमुळें कोणती अट कोठून कोठें गेली ह्याचा थांग लागत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण शिकणारे बहुधा त्याच ठिकाणीं अडखळतात. संगणक दोन तऱ्हांनीं काम करतो. एक तऱ्हा ओळीओळीनें जाण्याची. गुणपत्रकाच्या प्रत्येक ओळीशीं थांबून, मुलगा बाहेरगांवचा असल्यास ‘होय’ नाहीं तर ‘नाहीं’ असें एका नव्या रकान्यांत लिहावयाचें असेल, तर गांव कोठलें तें रजिस्टरांतून त्या ओळीपाशीं आणावें लागतें. त्यासाठीं ‘रिलेटेड’ हा शब्द योजतात; त्याचा अर्थ, दुव्यावरून पलीकडे जा आणि ह्या ओळीची सोयरी ओळ पाहून ये. मग ‘इफ’ हा शब्द लावून अट तपासतां येते. दुसरी तऱ्हा समुच्चयाची. तींत संगणक कोणत्याही एका ओळीपाशीं उभा नसतो. चाळणींतून जेवढ्या ओळी खालीं पडल्या तेवढ्यांची एकदम बेरीज वा सरासरी तो करतो. ‘ह्या मुलाचें गांव कोणतें?’ हा प्रश्न पहिल्या तऱ्हेंत शहाणपणाचा आहे. दुसऱ्या तऱ्हेंत तो निरर्थक आहे, कारण तेथें ‘हा मुलगा’ असा कोणी नाहींच. संगणक चुकीचा संदेश दाखवून हटून बसतो तो पुष्कळदां ह्याच कारणानें, आणि विद्यार्थी मात्र स्वल्पविराम शोधीत बसतो.

अशी अटीवरची मोजणी कांहीं नवी नव्हे. आमच्या शाळेंत शास्त्राच्या तासाला जुन्या करारांतील ‘गणना’ नांवाचें पुस्तक ज्यांनीं वाचलें असेल त्यांस आठवेल कीं, सीनायच्या रानांत मोशेनें इस्राएल लोकांची मोजदाद केली. तींत प्रत्येक माणूस आपल्या वाडवडिलांच्या घराण्याखालीं व घराणें आपल्या वंशाखालीं नोंदलेलें होतें. म्हणजे तीन पायऱ्यांचीं जोडकोष्टकेंच तीं. अटीही स्पष्ट होत्या: पुरुष असावा, वय वीस वर्षांचें वा अधिक असावें, आणि तो लढाईस लायक असावा. बेरीज आली ६,०३,५५०. लेवीच्या वंशास ह्या मोजणींतून वगळलें होतें, कारण त्यांजकडे निवासमंडपाची सेवा होती. त्यांची गणती पुढें निराळी झाली, आणि तींत एक महिन्याच्या बालकापासून सर्व पुरुष धरून २२,००० भरले. आतां एखाद्या उतावळ्या वाचकानें हे दोन आंकडे एकमेकांत मिळविले तर बेरीज चुकणार नाहीं. पण त्या बेरजेला अर्थ मात्र कांहींच राहणार नाहीं, कारण एका आंकड्याची अट वीस वर्षांची व दुसऱ्याची एक महिन्याची आहे. मूळ लेखकानें दोन्ही अटी आंकड्यांच्या शेजारींच लिहून ठेविल्या आहेत, हा त्याचा मोठा उपकार समजला पाहिजे. आपल्याकडील छापील तक्त्यांत असा उपकार दर वेळीं केलेला आढळत नाहीं.

कल्याण-डोंबिवलीचें कोडें ह्याच जातीचें आहे, फक्त त्यांत काळाची आणखी एक गांठ आहे. लोकसंख्येच्या कोष्टकांत तीन रकाने घ्यावे: स्थळाचा संकेतक्रमांक, जनगणनेचें साल आणि माणसें. दुसऱ्या कोष्टकांत संकेतक्रमांक, स्थळाचें नांव व तालुका. तिसऱ्यांत तालुका व जिल्हा. येथवर सर्व नातीं ‘एकास अनेक’ अशीं सरळ आहेत. आतां ‘स्थानिक संस्था’ हा रकाना कोठें लिहावा? दुसऱ्या कोष्टकांत भोपर ह्या नांवापुढें लिहावा म्हटलें, तर तेथें जागा एकच, आणि उत्तरें मात्र सालागणिक निराळीं. आजची संस्था लिहिली तर २०११ सालीं भोपर महानगरपालिकेंत नव्हतें ही गोष्ट लपते; तेव्हांची लिहिली तर आजची लपते. भोपरची ओळच दोनदां लिहावी म्हटलें, तर संकेतक्रमांक दोनदां आल्यामुळें ‘एकास अनेक’ हा दुवा जुळविण्यास साधन साफ नकार देतें. तो नकार योग्यच आहे, कारण तसा दुवा जुळला असता तर भोपरचीं माणसें दोनदां मोजलीं गेलीं असतीं.

उपाय असा कीं, हद्दींचें एक चवथें कोष्टक करावें. त्यांत रकाने चार: संकेतक्रमांक, संस्था, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. भोपरसाठीं त्यांत तीन ओळी येतील. पहिली १९८३ पासून २००२ पर्यंत, महानगरपालिका. दुसरी २००२ पासून २०१५ पर्यंत, ग्रामपंचायत. तिसरी २०१५ पासून पुढें, पुन्हां महानगरपालिका, आणि ‘पर्यंत’ची जागा कोरी. निळजे हें २०२० सालच्या अठरांपैकीं असल्यामुळें त्याच्या बाबतींत त्या वर्षाच्या घडामोडींचीं कागदपत्रें पाहूनच तारखा लिहाव्या लागतील. हें कोष्टक इतर कोष्टकांस साध्या दुव्यानें जोडतां येत नाहीं. त्याची अट सूत्रांतच लिहावी लागते. लोकसंख्येच्या प्रत्येक ओळीपाशीं थांबावें. तिचा संकेतक्रमांक व मोजणीची तारीख घ्यावी. हद्दींच्या कोष्टकांत तोच संकेतक्रमांक असलेल्या ओळींपैकीं जिची ‘पासून’ तारीख मोजणीच्या आधींची व ‘पर्यंत’ तारीख मोजणीच्या नंतरची, किंवा कोरी, आहे अशी ओळ ‘फिल्टर’ ह्या शब्दानें निवडावी. आणि तींतील संस्थेचें नांव आणावें. २००१ व २०११ ह्या दोन्ही जनगणनांची संदर्भतारीख १ मार्च ही होती, त्यामुळें तारखेविषयीं वाद उरत नाहीं.

कोरी जागा विसरूं नये. ‘पर्यंत’ तारीख मोजणीनंतरची असावी एवढीच अट घातली तर कोऱ्या जागेच्या ओळी गळून पडतात, कारण संगणकाच्या लेखीं कोरी तारीख ही फार जुनी तारीख ठरते. मग आज महानगरपालिकेंत असलेलें गांव कोणत्याच संस्थेंत नाहीं असें दिसूं लागतें.

एवढी सिद्धता झाली म्हणजे एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात, आणि ते निराळे आहेत हें प्रथमच उघड दिसतें. पहिला प्रश्न: त्या त्या वेळीं जी हद्द होती तींत माणसें किती? ह्याचें उत्तर ११ लक्ष ९३ हजार व १२ लक्ष ४७ हजार हेंच आहे. ज्याला त्या वर्षींच्या महानगरपालिकेचें अंदाजपत्रक दरडोई पाहावयाचें आहे, किंवा तिच्या नळावर तेव्हां किती जणांचा भार होता हें जाणावयाचें आहे, त्याला हेंच उत्तर उपयोगी. दुसरा प्रश्न: एकाच भूमीवर दहा वर्षांत माणसें किती वाढलीं? ह्यासाठीं हद्द एका तारखेवर स्थिर धरून तीच दोन्ही सालांस लावावी लागते. सूत्रांत फरक एवढाच कीं, ‘मोजणीची तारीख’ ह्या शब्दांऐवजीं ‘१ मार्च २००१’ असें ठाम लिहावयाचें. म्हणजे २०११ च्या बाजूसही सत्तावीस गांवें महानगरपालिकेंत धरलीं जातात. वाढीचा दर काढणाऱ्यानें पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें दुसऱ्या प्रश्नासाठीं वापरलीं, आणि त्यांतून शेंकडा साडेचारचा भ्रम जन्मास आला.

हद्द २००१ चीच कां स्थिर धरावी, २०११ ची कां नाहीं, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. तर्कानें पाहतां दोन्ही चालतील. अडचण व्यवहाराची आहे. जें गांव शहराच्या हद्दींत गेलें त्याचा आंकडा जनगणनेच्या पुस्तकांत गांवाच्या नांवानें छापला जात नाहीं. तो शहराच्या वॉर्डांत मिसळून जातो. म्हणून २००१ च्या बेरजेंतून सत्तावीस गांवें उकलून काढणें कठीण. २०११ सालीं मात्र तीं बाहेर असल्यामुळें त्यांचे आंकडे स्वतंत्र छापलेले आहेत, आणि ते शहराच्या आंकड्यांत मिळवितां येतात. मिळविणें सोपें, उकलणें अवघड, हा अनुभव आंकड्यांच्या कामांत नेहमीं येतो. ह्यासाठींच मूळ माहिती शक्य तितकी बारीक तुकड्यांत सांभाळून ठेवावी.

उत्तर आल्यावर ताळा पाहावा. आपल्या उदाहरणांत ताळा पाहण्याची एक सुंदर सोय आहे. गांवें महानगरपालिकेंतून बाहेर गेलीं तरी ठाणें जिल्ह्यांतून गेलीं नाहींत. म्हणून संस्थावार बेरजा कशाही बदलल्या तरी जिल्ह्याची बेरीज हलतां कामा नये. २०११ ची जिल्ह्याची बेरीज १,१०,६०,१४८ अशी आहे; भारतांतील सर्व जिल्ह्यांत ती त्या वेळीं सर्वांत मोठी होती. आपल्या सूत्राची जिल्हाबेरीज ह्याहून जास्त आली तर एखादें गांव दोनदां मोजलें गेलें, कमी आली तर एखादें गळालें, असें समजावें.

पण हा ताळाही डोळे मिटून वापरतां येत नाहीं, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हाच विभागला गेला. पंधरा तालुक्यांपैकीं ठाणें, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर हे सात जुन्या जिल्ह्यांत राहिले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ मिळून महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा पालघर हा झाला. २०११ च्याच मोजणीवरून आजच्या ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ आणि पालघरची २९,९०,११६ येते. दोहोंची बेरीज विद्यार्थ्यांनीं कागदावर करून पाहावी. ती वर दिलेल्या आंकड्याशीं शेवटच्या एककापर्यंत जुळते. आणि हा जिल्हा काय प्रथमच कापला गेला? कुलाबा १८६९ सालीं त्यांतून वेगळा झाला, पनवेल १८८३ मध्यें व कर्जत १८९१ मध्यें कुलाब्याकडे गेलें, आणि साष्टीचा दक्षिण भाग १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्ह्यांत गेला. शंभर वर्षांपूर्वींच्या गॅझेटियरांतील ‘ठाणें’ आणि आजचें ‘ठाणें’ ह्यांची तुलना करणाऱ्यास हद्दींचें कोष्टक किती लांब करावें लागेल ह्याची ह्यावरून कल्पना येईल.

एकूण बेरजेच्या ओळीविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. तक्त्यांत प्रत्येक गांवापुढें वाढीचा शेंकडा दर असतो आणि तळाशीं ‘एकूण’ अशी ओळ असते. पुष्कळांची समजूत अशी कीं, तळचा दर हा वरच्या दरांची बेरीज किंवा सरासरी असावा. तसें नाहीं. समजा, एका खेड्यांत १,००० माणसांचीं २,००० झालीं. वाढ शेंकडा १००. एका शहरांत १,००,००० चीं १,१०,००० झालीं. वाढ शेंकडा १०. दरांची सरासरी ५५ येते. पण दोन्ही मिळून १,०१,००० चीं १,१२,००० झालीं, म्हणजे खरी वाढ शेंकडा ११ हूनही किंचित् कमी. संगणक तळच्या ओळींत वरचे दर मिळवीत बसत नाहीं. तो तेथें गांवाची चाळणी काढून घेऊन मूळ आंकड्यांवरून तेंच सूत्र नव्यानें चालवितो. त्यामुळें ‘तळची ओळ चुकली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास बहुधा असें सांगावें लागतें कीं, तळची ओळ तेवढी बरोबर आहे, अपेक्षा चुकली.

आणखी एक खूण सांगतों. लोकसंख्येच्या कोष्टकांत एखादा संकेतक्रमांक असा असेल कीं जो स्थळांच्या कोष्टकांत नाहींच, तर हें साधन त्या माणसांस फेंकून देत नाहीं. ‘रिक्त’ अशा एका अनामिक ओळींत त्यांना गोळा करून ठेवतें. दिसावयास ही ओळ वाईट दिसते, म्हणून पुष्कळजण ती चाळणी लावून झांकून टाकतात. ह्यापरतें अविचाराचें कृत्य नाहीं. ती ओळ म्हणजे दारावर थांबलेलीं, नांव न लागलेलीं माणसें होत. प्रथम तीच उघडून पाहावी. एखाद्या आंकड्याची उलटापालट, एखाद्या क्रमांकाच्या आरंभींचें गळालेलें शून्य तेथें हमखास सांपडतें.

पुढील जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून व्हावयाची, असें केंद्र सरकारनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलें आहे. मोजणीपूर्वी गांवांच्या व शहरांच्या हद्दी कांहीं काळ गोठविण्याची वहिवाट आहे, त्यामुळें त्या दिवशींची हद्द कोणती हें निश्चित असेल. सत्तावीसांपैकीं जीं गांवें त्या दिवशीं महानगरपालिकेंत असतील त्यांचीं माणसें कल्याण-डोंबिवलीच्या बेरजेंत येतील, आणि २०११ च्या १२ लक्ष ४७ हजारांत तीं नाहींत. म्हणजे ह्या खेपेस भ्रम उलट दिशेनें होईल: मागें वाढ खऱ्याहून फार थोडी दिसली, पुढें ती खऱ्याहून अधिक दिसेल, आणि तेवढ्यावरून कोणी शहर एकाएकीं फुगल्याची हाकाटीही करील. नवा आंकडा हातीं आल्यावर तो जुन्याशेजारीं मांडण्यापूर्वी हीं गांवें २०११ च्या बाजूस मिळवून घ्यावीं लागतील. त्यांचे त्या सालचे आंकडे संकेतक्रमांकासह छापलेले आहेतच.